वाहत्या नोंदींचा व्यवहार

४ ऑक्टोबर २०२५ पासून भारतात धनादेश वटवण्याची रीत बदलली. तोवर शाखेत दिवसभर जमा झालेल्या धनादेशांच्या प्रतिमा ठरलेल्या वेळी गठ्ठ्याने क्लिअरिंगला जात आणि रक्कम खात्यावर दिसायला साधारण दुसरा दिवस उजाडे. आता दिवसाच्या ठरलेल्या वेळेत आलेला धनादेश स्कॅन झाला की त्याची प्रतिमा लगेच पुढे निघते. ज्या बँकेवर तो काढला आहे तिने संध्याकाळी ७ च्या आत होकार किंवा नकार कळवायचा असतो. काहीच न कळवल्यास धनादेश मंजूर धरला जातो. दर तासाला बँकांमधला हिशेब मिटत जातो. कागद तोच राहिला, सहीची पडताळणीही तीच राहिली. माहिती साठवून एकदम पाठवण्याऐवजी ती येईल तशी पाठवायची, एवढे ठरले आणि व्यापाऱ्याच्या हातात पैसा एक दिवस आधी येऊ लागला.

मोठ्या उद्योगांच्या संगणकव्यवस्थेत हाच बदल गेली पंधरा वर्षे चालू आहे. त्याला रिअल-टाइम डेटा स्ट्रीमिंग म्हणतात. दुकानात झालेली विक्री, नाक्यावरून गेलेला ट्रक, यंत्राचे वाढलेले तापमान, ग्राहकाने मोबाइलच्या पडद्यावर टेकवलेले बोट, अशी प्रत्येक घटना घडताक्षणी एक छोटी नोंद बनते आणि ज्यांना ती हवी त्यांच्यापर्यंत काही सेकंदांत, पुष्कळदा सेकंदाच्याही अंशात, पोहोचते. या पद्धतीची ओळख सहसा वेगाच्या नावाने करून दिली जाते. वेग लागतोच. मात्र मोठ्या कंपनीचा खरा लाभ आणखी दोन गोष्टींवर ठरतो. सगळ्या विभागांनी एकाच नोंदीवरून काम करायचे, आणि नोंद आल्यावर काय करायचे ते आधीच ठरवून ठेवायचे. हे नसेल तर ताजी माहिती भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नुसती हलत राहते.

रात्रीचे काम

बँकेत ‘डे-एंड’ हा शब्द शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना ठाऊक असतो. काउंटर बंद झाले की दिवसाचे व्यवहार गोठवायचे, व्याज मोजायचे, खाती जुळवायची, अहवाल काढायचे आणि सकाळी नवा दिवस उघडायचा. कारखान्यात हेच काम रात्रीच्या एमआयएस अहवालाच्या रूपाने होते. दुकानांच्या साखळीत दिवसभराच्या विक्रीची फाइल रात्री मुख्यालयात जाते. या पद्धतीला बॅच म्हणतात आणि तिच्यामागे पक्की कारणे आहेत. संगणक महाग होते तेव्हा दिवसा ते ग्राहकांच्या कामासाठी मोकळे ठेवावे लागत आणि मोठी आकडेमोड रात्रीवर ढकलावी लागे. शिवाय बंद झालेल्या दिवसाचे आकडे मोजताना हलत नाहीत. चूक झाली तर सगळी फाइल पुन्हा चालवता येते. हिशेबतपासनीसाला हा भरवसा फार मोलाचा वाटतो, आणि तो योग्यच आहे.

बॅचचा आकार कमी करत नेणे हाही एक मार्ग असतो. एनईएफटी २००५ मध्ये सुरू झाली ती बॅचनेच, आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ती अहोरात्र, दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाच्या ४८ बॅचमध्ये चालते. बहुतेक ग्राहकांना तेवढे पुरते.

अडचण येते ती माहितीचे मोल वेगाने उतरते तिथे. चोरीला गेलेले कार्ड, भरत चाललेले विमान, संपत आलेले दूध, तापत चाललेले बेअरिंग यांची बातमी दहा सेकंदांनी कळली तर काही करता येते. दहा तासांनी कळली तर फक्त अहवाल लिहिता येतो. मोठ्या कंपनीत अशी प्रकरणे रोज हजारोंनी घडतात आणि प्रत्येकातला किरकोळ तोटा वर्षाकाठी मोठी रक्कम बनतो. लहान दुकानदाराला हा प्रश्न पडत नाही, कारण माल, गल्ला आणि गिऱ्हाईक तिन्ही त्याच्या डोळ्यांसमोर असतात. कंपनी पसरली की ही नजर तुटते. स्ट्रीमिंगवर होणारा बराचसा खर्च ती नजर परत मिळवण्यासाठी असतो.

एकच रोजकीर्द

२०१० च्या सुमारास लिंक्डइन या कंपनीत ही अडचण वेगळ्या रूपात समोर आली. सदस्य काय पाहतात, काय शोधतात, कोणाशी जोडले जातात याच्या नोंदी एका व्यवस्थेत होत्या. सदस्यांची मूळ माहिती दुसरीकडे आणि यंत्रांच्या प्रकृतीचे आकडे तिसरीकडे होते. शोधयंत्राला, शिफारशींच्या विभागाला, विश्लेषकांना आणि सुरक्षा पथकाला यातले काही ना काही हवे असे. दर वेळी एक नवी वाहिनी बांधली जाई. दहा ठिकाणची माहिती दहा ठिकाणी न्यायची तर शंभर वाहिन्या होऊ शकतात, आणि त्यातली प्रत्येक आपापल्या वेळी, आपापल्या पद्धतीने बंद पडते.

जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव या तीन अभियंत्यांनी त्यावर काफ्का ही प्रणाली उभी केली. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली आली. नारखेडे पुण्याच्या. पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत अभियांत्रिकी शिकून त्या अमेरिकेत जॉर्जिया टेकला गेल्या. २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली आणि जून २०२१ मध्ये तिचे समभाग नॅसडॅकवर आले.

काफ्काची मूळ कल्पना पेढीवरच्या रोजकिर्दीसारखी आहे. रोजकिर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरवतात. लिहिलेली ओळ खोडत नाहीत. चूक झाली तर उलट नोंद करतात. खतावणी तिच्यावरून नंतर तयार होते, आणि एखादे खाते बिघडले तर रोजकीर्द पहिल्यापासून वाचून ते पुन्हा उभे करता येते. काफ्कातही घटना फक्त शेवटी जोडल्या जातात. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो. वाचणारी प्रत्येक प्रणाली आपण कोणत्या क्रमांकापर्यंत आलो एवढेच लक्षात ठेवते. एखादी प्रणाली तासभर बंद पडली तर ती परत आल्यावर सोडलेल्या क्रमांकापासून वाचू लागते, आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाचेही काम अडत नाही. नोंदी ठरावीक काळ ठेवल्या जातात. मूळ मांडणीत ही मुदत सात दिवसांची असते, हवी तर वाढवता येते.

एकाच यंत्राने हे झेपणार नाही म्हणून नोंदवहीचे भाग पाडतात आणि ते अनेक यंत्रांवर ठेवतात. एका खात्याच्या, एका वाहनाच्या किंवा एका ऑर्डरच्या सर्व नोंदी एकाच भागात जातील अशी काळजी घेतली जाते, कारण क्रमाची हमी त्या भागापुरतीच असते. प्रत्येक भागाच्या प्रती दुसऱ्या यंत्रांवरही असतात, म्हणजे एक यंत्र गेले तरी नोंद जात नाही. डिस्कवर मागेपुढे उड्या न मारता सलग लिहीत जाणे स्वस्त आणि वेगवान पडते, आणि एवढ्या साध्या गोष्टीवर या प्रणालीची बरीचशी क्षमता उभी आहे. लिंक्डइनने २०१५ मध्ये दिवसाला १ लाख कोटी नोंदींचा टप्पा सांगितला होता. २०१९ मध्ये हा आकडा ७ लाख कोटींवर गेला.

मोठ्या कंपनीतल्या रोजच्या कटकटीकडे पाहिले की या रचनेचा लाभ समजतो. सोमवारच्या बैठकीत विक्री विभाग एक आकडा सांगतो, वित्त विभाग दुसरा आणि गोदाम तिसरा. तिघांच्याही फाइली खऱ्या असतात, फक्त वेगवेगळ्या वेळी काढलेल्या असतात. बैठकीचा पहिला तास आकडा कोणाचा बरोबर हे ठरवण्यात जातो. तिघेही एकाच नोंदवहीवरून वाचू लागले की हा वाद कमी होतो. नवा विभाग सुरू झाला तर त्याच्यासाठी जुन्या प्रणालींना हात लावावा लागत नाही. तो नोंदवही वाचायला लागतो. स्ट्रीमिंगच्या जाहिरातीत ही गोष्ट क्वचित दिसते, पण अनेक कंपन्यांत गुंतवणूक वसूल होते ती इथेच.

पैसे निघण्याआधीचा क्षण

वेगाचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते पैशाच्या व्यवहारात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. सरासरी काढली तर सेकंदाला जवळपास साडेसात हजार व्यवहार होतात. गर्दीच्या वेळी अर्थातच जास्त. भाजीवाल्याच्या फळीवरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यापासून त्याच्या ध्वनियंत्रातून रक्कम ऐकू येईपर्यंतच्या काही सेकंदांत ग्राहकाचे ॲप, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची मध्यवर्ती यंत्रणा, पैसे देणारी बँक आणि घेणारी बँक यांच्यात निरोप फिरून येतात. बँकांमधला अंतिम हिशेब मात्र दिवसातून ठरावीक फेऱ्यांत, एकूण देणे-घेणे वजा करून मिटवला जातो. ग्राहकाकडची बाजू प्रवाहाने आणि बँकांची आपसातली बाजू गठ्ठ्याने, अशी ही विचारपूर्वक केलेली विभागणी आहे.

पैसे एकदा गेले की ते परत आणणे कठीण असते. सायबर चोर रक्कम आली की काही मिनिटांत ती तीन-चार खात्यांतून फिरवतात आणि शेवटी रोख काढतात. १९३० या मदतक्रमांकावर लगेच फोन करा असे पोलीस पुन्हा पुन्हा सांगतात ते यासाठीच. रात्रीच्या बॅचमध्ये संशयित व्यवहारांची यादी काढणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. तपासणी पैसे निघण्याआधीच्या त्या अर्ध्या-पाव सेकंदात व्हायला हवी.

त्या क्षणी एकटा व्यवहार पाहून काही कळत नाही. २५,००० रुपये पाठवणे हा काही गुन्हा नव्हे. पण त्याच ग्राहकाने दहा मिनिटांपूर्वी नव्या मोबाइलवर ॲप सुरू केले असेल, आदल्या दिवशी सिम बदलले असेल, पैसे पहिल्यांदाच या खात्यात जात असतील, आणि त्या खात्यात गेल्या तासाभरात वेगवेगळ्या राज्यांतून रकमा येऊन लगेच बाहेर पडत असतील, तर चित्र बदलते. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्रणालीत नोंदलेली असते. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक खात्याचे ‘गेल्या दहा मिनिटांत काय झाले’, ‘गेल्या चोवीस तासांत किती वेळा’ असे चालू हिशेब स्मृतीत तयार ठेवलेले असतात, आणि नवी घटना आली की ते तिथल्या तिथे अद्ययावत होतात. व्यवहार येतो तेव्हा शोधाशोध करावी लागत नाही. उत्तर जवळजवळ तयार असते.

यात दुसऱ्या बाजूचीही काळजी घ्यावी लागते. रात्री दोन वाजता इस्पितळात अनामत भरणाऱ्या माणसाचा व्यवहारही या कसोट्यांवर संशयास्पद ठरू शकतो, आणि तो अडवणे हा त्या कुटुंबावर अन्याय असतो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत सरळ नकाराऐवजी मधल्या पायऱ्या असतात. जास्तीची खात्री मागणे, ग्राहकाला इशारा दाखवणे, रक्कम थोडा वेळ थांबवणे, माणसाकडे प्रकरण सोपवणे. ग्राहकाने दिलेले उत्तर पुन्हा प्रवाहात जाते आणि पुढच्या निर्णयाला उपयोगी पडते. नारखेडे यांनी पुढे काढलेली ऑसिलर ही कंपनीही फसवणूक आणि जोखीम ओळखण्याच्या याच कामात आहे.

बाजार थांबला तो दिवस

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधले व्यवहार थांबवावे लागले. दुपारी पावणेचारला ते पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालला. दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्यांमध्ये अस्थिरता आली आणि तिचा फटका ऑनलाइन जोखीम व्यवस्थापन प्रणालीला बसला, असे कारण एक्स्चेंजने दिले. खरेदी-विक्री जुळवणारे यंत्र हे बाजाराचे केंद्र, अशी सामान्य समजूत असते. त्या दिवशी दिसले की जोखीम मोजणारा प्रवाह थांबला तर बाजार चालवता येत नाही.

कारण असे. प्रत्येक दलालाने एक्स्चेंजकडे तारण ठेवलेले असते. त्याच्या ग्राहकांचा प्रत्येक सौदा झाला की त्या तारणाचा किती भाग गुंतला हे लगेच मोजावे लागते, आणि भाव हलले की आधीच्या सौद्यांची जोखीमही बदलते. वापर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की दलालाला नवे धोके घेता येत नाहीत, फक्त असलेले कमी करता येतात. हे गणित संध्याकाळी केले तर दिवसभरात एखादा दलाल आपल्या कुवतीच्या कितीतरी पट सौदे करून बसलेला असेल आणि त्याचे न फिटलेले देणे इतरांच्या गळ्यात पडेल. लाखो गुंतवणूकदारांना या मोजणीचा पत्ताही नसतो, पण त्यांचे पैसे तिच्यामुळे सुरक्षित राहतात.

त्या दिवसाचा दुसरा धडा अवलंबित्वाचा आहे. कारभार प्रवाहावर उभा केला की प्रवाह बंद पडणे म्हणजे कारभार बंद पडणे. बॅच चुकली तर सकाळचा अहवाल दुपारी मिळतो. इथे तशी सवलत नसते. मार्च २०२१ मध्ये सेबीने बाजारसंस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली कोलमडली तर ३० मिनिटांच्या आत ते संकट म्हणून जाहीर करायचे आणि पुढच्या ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. दुसऱ्या शहरात यंत्रांची जोडी उभी ठेवणे, तिच्याकडे प्रत्येक नोंद पोहोचत राहील हे पाहणे आणि तिचा नियमित सराव करणे हा खर्च स्ट्रीमिंगच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. तो नंतर पाहू म्हणणाऱ्यांनी या कामाला हात न घातलेलाच बरा.

अडीच कोटी माणसे मागे फिरतात तेव्हा

१० जुलै २०१९. मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध धोनी खेळपट्टीवर होता आणि हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक सामना पाहत होते. ४९व्या षटकात गप्टिलच्या थेट फेकीने धोनी धावबाद झाला. पाहणाऱ्यांची संख्या कोसळली. व्हिडिओ पाठवणाऱ्या यंत्रांना यामुळे उसंत मिळाली असेल असे वाटते. पण प्रेक्षक सामन्यातून बाहेर पडताना ‘मागे’चे बटण दाबतात आणि मुखपृष्ठावर येतात. त्या पानावर प्रत्येकासाठी वेगळी यादी, वेगळ्या शिफारशी, वेगळी माहिती तयार करावी लागते. व्हिडिओवरचा भार उतरत असतानाच मुखपृष्ठामागच्या यंत्रांवर एका झटक्यात लाट येते.

अशा व्यवस्थेत प्रत्येक मोबाइलमधून दर काही सेकंदांनी छोट्या नोंदी येत असतात. चित्र अडकते आहे का, दर्जा कोणता आहे, शहर कोणते, मोबाइल कंपनी कोणती, व्हिडिओ कुठल्या साठ्यातून येतो आहे. या नोंदी प्रवाहातच शहरानुसार आणि जाळ्यानुसार एकत्र केल्या की नागपूरमध्ये एका विशिष्ट जाळ्यावर अडचण आहे आणि इतरत्र सुरळीत आहे, हे तक्रारींचे फोन सुरू होण्याआधी कळते. मग तेवढ्याच प्रेक्षकांना दुसऱ्या वाटेने व्हिडिओ देता येतो. षटकांच्या मधल्या जाहिराती किती जणांपर्यंत पोहोचल्या याचा हिशेबही याच नोंदींतून निघतो, आणि जाहिरातदाराचे देयक त्यावर ठरते.

हॉटस्टारच्या अभियंत्यांनी जाहीरपणे सांगितलेली एक गोष्ट स्ट्रीमिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येक उद्योगाने ध्यानात घ्यावी अशी आहे. भार वाढला की क्लाउडने आपोआप नवी यंत्रे सुरू करावीत, यावर ते विसंबले नाहीत. नवे यंत्र सुरू होऊन कामाला लागायला काही मिनिटे लागतात आणि प्रेक्षकांची लाट त्याच्या आत येऊन जाते. म्हणून प्रेक्षकसंख्येच्या पायऱ्या आधी ठरवून, प्रत्येक पायरीला किती यंत्रे लागतील याचे कोष्टक बनवून, संख्या तिथे पोहोचण्याच्या आधीच यंत्रे उभी केली गेली. शिफारशींसारख्या दुय्यम सोयी गरज पडताच बंद करण्याची कळही तयार होती. माहिती सेकंदात आली तरी कृतीला पाच मिनिटे लागत असतील तर कृती आधीच करून ठेवावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यात याच मंचावर एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते.

बंदर, गोदाम आणि शेवटचा नग

उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासून आयात कंटेनरना आरएफआयडी टॅग लावण्याची व्यवस्था सुरू झाली. लॉजिस्टिक्स डेटा बँक या नावाने ती ओळखली जाते. बंदराचे फाटक, महामार्गावरचे नाके, कंटेनर यार्ड, अंतर्देशीय डेपो अशा ठिकाणी वाचकयंत्रे असतात. कंटेनर त्यांच्यासमोरून गेला की नोंद होते, आणि आयातदार कंटेनरचा क्रमांक टाकून तो कुठे आहे ते पाहू शकतो. पूर्वी हे काम फोनवर चाले. कारखान्याचा माणूस एजंटला, एजंट वाहतूकदाराला आणि वाहतूकदार चालकाला विचारी.

चाकणच्या एखाद्या कारखान्याला याचा अर्थ काय होतो? कंटेनर कधी येईल हे नक्की नसेल तर सुट्या भागांचा जास्तीचा साठा बाळगावा लागतो. त्यात भांडवल अडकते, जागा अडकते. रिकामा कंटेनर वेळेत परत गेला नाही तर जहाज कंपनीचा दंड चढत जातो. कंटेनर फाटकातून बाहेर पडला, घाटाखाली आला, नाका ओलांडला, अशा नोंदी क्रमाने येत राहिल्या तर साठा कमी ठेवता येतो आणि उतरवणारी माणसे योग्य वेळी बोलावता येतात.

किरकोळ विक्रीत प्रश्न शेवटच्या नगाचा असतो. गोदामात एक वस्तू शिल्लक आहे आणि दोन ग्राहक एकाच क्षणी तिच्यावर बोट ठेवतात. शिल्लक रात्री अद्ययावत होत असेल तर दोघांनाही ती विकली जाते आणि एकाला दुसऱ्या दिवशी माफी मागणारा निरोप पाठवावा लागतो. चीनमधल्या अलीबाबाने ११ नोव्हेंबरच्या विक्रीउत्सवात हे काम टोकाला नेले. २०२० मध्ये गर्दीच्या कळसाला सेकंदाला ५ लाख ८३ हजार ऑर्डर आल्या आणि त्यामागच्या फ्लिंक या प्रणालीने सेकंदाला ४०० कोटी नोंदींवर प्रक्रिया केली. फ्लिंकची मुळे बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधनात आहेत. मुंबई-पुण्यातली दहा मिनिटांत घरपोच देणारी लहान गोदामे आकाराने कितीतरी छोटी असली तरी प्रश्न तोच सोडवतात. मांडणीवर दूध आहे असे ॲप म्हणते तेव्हा ते खरोखर तिथे असायला हवे.

उशिरा आलेली नोंद

प्रवाहावर काम करणाऱ्या अभियंत्यांचा मोठा वेळ वेगात जात नाही; तो वेळेच्या गणितात जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा ट्रक बोरघाटातल्या बोगद्यात शिरला की त्याचा संपर्क तुटतो. आतल्या यंत्रात नोंदी साठत राहतात आणि बाहेर पडल्यावर एकदम येतात. १०.०५ ला घडलेली घटना १०.०९ ला पोहोचते, तोवर १०.०५ चा हिशेब झालेलाही असतो. घटना घडल्याची वेळ आणि ती पोहोचल्याची वेळ या दोन वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळे आकडे थोडे थोडे खोटे होतात, आणि ते खोटे आहेत हेही कळत नाही. म्हणून प्रणाली ‘आता या वेळेपर्यंतच्या नोंदी बहुधा आल्या’ असा एक अंदाज सोबत बाळगते. अंदाज फार सैल धरला तर उत्तर उशिरा मिळते आणि फार घट्ट धरला तर उशिरा आलेल्या नोंदी बाहेर राहतात. किती थांबायचे हा निर्णय धंद्याचा आहे. तो एकट्या अभियंत्यावर टाकणे चूक ठरते.

दुसरी काळजी दुबार नोंदीची. जाळे तुटले आणि पोच मिळाली नाही तर पाठवणारा तीच नोंद पुन्हा पाठवतो. ट्रकची जागा दोनदा आली तर बिघडत नाही, खात्यातून पैसे दोनदा वजा झाले तर बिघडते. प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक देऊन, तो क्रमांक आधी पाहिलेला असेल तर नोंद सोडून देणे हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. काफ्कात अशी हमी देणारी सोय २०१७ मध्ये आली.

तिसरी गोष्ट नोंदीच्या साच्याची. एका विभागाने रक्कम रुपयांऐवजी पैशांत पाठवायला सुरुवात केली आणि कोणाला सांगितले नाही, तर वाचणारे सगळे विभाग त्याच मिनिटाला चुकू लागतात. म्हणून साच्यांची मध्यवर्ती नोंदणी ठेवतात आणि न जुळणारा बदल दारातच अडवतात.

चुकीचा वेगही तितकाच असतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवला, पण एक सर्व्हर राहून गेला. त्यावर निजलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटे भराभर नको असलेले सौदे करत राहिला. तोटा ४४ कोटी डॉलरच्या वर गेला आणि कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व टिकले नाही. तेव्हापासून ठरावीक मर्यादा ओलांडली की आपोआप काम थांबवणारी कळ हा अशा प्रणालींचा आवश्यक भाग मानला जातो. ती दाबण्याचा अधिकार रात्रपाळीतल्या माणसालाही असला पाहिजे. तीन वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत ४५ मिनिटे निघून जातात.

प्रवाहातून वैयक्तिक माहितीही वाहत असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. नोंदवही तर न खोडण्याच्या तत्त्वावर उभी आहे. यातून काढलेला एक मार्ग असा की प्रत्येक व्यक्तीची माहिती स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध करायची. पुसण्याची मागणी आली की किल्ली नष्ट करायची. नोंदी जागेवर राहतात, पण त्या वाचता येत नाहीत.

सुरुवात कुठून होते

पगारपत्रक, वार्षिक ताळेबंद, मासिक कर विवरण यांना प्रवाहाची गरज नाही. त्यांची वेळ कायद्याने किंवा रिवाजाने ठरलेली असते आणि सेकंदात मोजल्याने त्यात भर पडत नाही. यंत्रे अहोरात्र चालू ठेवणे रात्रीच्या चार तासांपेक्षा महाग पडते. पाळ्यांत काम करणारे अभियंते लागतात. म्हणून जाणत्या कंपन्या प्रत्येक माहितीला एक प्रश्न विचारतात. ही दहा सेकंदांत कळली तर कोण, काय वेगळे करेल? उत्तर कोणाकडेच नसेल तर ती बॅचमध्येच राहते.

जुन्या प्रणाली मोडाव्या लागत नाहीत. बहुतेक डेटाबेस आपल्यातल्या प्रत्येक बदलाची अंतर्गत नोंद ठेवतच असतात, बिघाडानंतर सावरण्यासाठी. ती नोंद बाहेरून वाचून प्रत्येक बदल प्रवाहात सोडणारी साधने आहेत. वीस वर्षांपूर्वीची कोअर बँकिंग प्रणाली जशी आहे तशी चालू राहते, शाखेतल्या कर्मचाऱ्याचा पडदाही बदलत नाही, आणि तरी तिच्यातला प्रत्येक व्यवहार बाहेर उपलब्ध होतो.

पहिला प्रवाह सहसा एकाच कामासाठी निवडतात. कार्डावरची फसवणूक, गोदामातली शिल्लक किंवा वाहनांचा माग. काही आठवडे तो रात्रीच्या बॅचच्या जोडीने चालवतात आणि रोज सकाळी दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून फरक शोधतात. सुरुवातीला फरक निघतोच. कधी उशिरा आलेल्या नोंदी असतात, कधी दुबार, आणि कधी असे लक्षात येते की इतकी वर्षे बॅचच एक प्रकारचे व्यवहार सोडून देत होती. फरकाचे प्रत्येक कारण सापडून आकडे सलग जुळू लागले, महिनाअखेरीच्या आणि सणाच्या गर्दीतही जुळले, की वित्त विभाग सही करतो आणि त्या कामापुरती रात्रीची फेरी बंद केली जाते.